पिल्लाचे दात बघा, विकणाऱ्याची जीभ नको

बैलबाजारात आपला शेतकरी सहजासहजी फसत नाही. बाजार सांगोल्याचा असो की घोडेगावचा, जनावर कितीही मनात भरले तरी तो आधी जबडा उघडून बघतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, याची खात्री झाल्याशिवाय रुमालाखाली हात घालत नाही. चालवून बघतो, खूर बघतो, शिंगे तासली आहेत का तेही बघतो. व्यापाऱ्याच्या नुसत्या शपथेवर खोंड आणणाऱ्याची गावात वर्षभर चेष्टा होते.

आता हाच शहाणा माणूस पोरांच्या हट्टापायी शहरातून छोट्या जातीच्या कुत्र्याचे पिल्लू आणायला निघाला, की सगळी अक्कल खुंटीला टांगून जातो. विकणारा म्हणतो, "दादा, दोन महिन्यांचं आहे. एवढंसंच राहणार, पिशवीत मावेल." झाले! शेळीच्या किमतीत, कधी दोन शेळ्यांच्या किमतीत ते पांढरे बोचके घरी येते. वर्षभरात त्याचे पंधरा किलोचे कुत्रे होते. दोन खोल्यांच्या घरात ते मावत नाही, म्हाताऱ्या माणसांना आवरत नाही. मग एका रात्री कोणीतरी त्याला मोटारसायकलवर घालून लांबच्या ढाब्यापाशी सोडून येतो. पैसे गेले, मुके जनावर उघड्यावर पडले आणि दुसऱ्या गावच्या डोक्याला ताप झाला. म्हणून कुत्र्यासारखा विषय या पानावर घ्यावा लागला.

माझे म्हणणे एवढेच आहे, की बैलाला लावता तीच कसोटी पिल्लाला लावा. पिल्लू मोठेपणी केवढे होईल हे विकणाऱ्याच्या तोंडून कळत नाही. ते पिल्लाच्या दातांतून, तराजूतून आणि त्याच्या आईकडे बघून कळते.

आधी वय. लबाडी बहुतेक वेळा इथेच असते. पाच आठवड्यांचे पिल्लू दोन महिन्यांचे म्हणून खपवले, की ते वयाच्या मानाने बारीक दिसते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण दात खोटे बोलत नाहीत. पिल्लाचे डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांत उघडतात. पुढचे दुधाचे दात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतात, त्यानंतर दाढा येतात. आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे २८ दात पुरे होतात. लहान जातीत थोडे मागे-पुढे होते, हे खरे. पण दोन महिन्यांचे म्हणून दाखवलेल्या पिल्लाच्या तोंडात मागच्या दाढांचा पत्ताच नसेल, तर सरळ उठावे.

उलटी थापही मारली जाते. "वर्षाचं पूर्ण वाढलेलं आहे, आता काही वाढायचं नाही," असे सांगून चार-पाच महिन्यांचे पिल्लू गळ्यात मारतात. साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागतात आणि सहा-सात महिन्यांत ४२ दात पुरे होतात. दुधाचे दात अजून पडत असतील, तर ते जनावर वाढीतले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर अजून जुळलेले नाही.

मग तराजू. छोट्या जातीचे पिल्लू साधारण साडेतीन ते चार महिन्यांत मोठेपणीच्या वजनाच्या निम्मे भरते आणि दहा-बारा महिन्यांत त्याची वाढ थांबते. म्हणजे चार महिन्यांचे पिल्लू तीन किलोचे असेल, तर सहा किलोच्या आसपास कुत्रे होईल असे धरावे. त्याहून लहान पिल्लाचा एक ढोबळ हिशेब आहे. वजनाला वयाच्या आठवड्यांनी भागायचे आणि ५२ ने गुणायचे. एक किलोचे पिल्लू खरेच आठ आठवड्यांचे असेल, तर उत्तर साडेसहा किलो येते. तेच पाच आठवड्यांचे असेल, तर दहा किलोच्या वर जाते. हा हिशेब लहान जातीत थोडा जास्तच येतो, त्यावर पैज लावू नका. पण तीन आठवड्यांची थाप केवढी महागात पडते, ते यातून दिसते. पंजे मोठे म्हणून कुत्रे मोठे होणार, पंजे बारीक म्हणून लहान राहणार, हा ठोकताळा मात्र कच्चा आहे.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आई. "वासरू घ्यावं गाय बघून" असे आपण म्हणतो ना, तेच इथे. पिल्लू आईच्या अंगाला लागलेले असताना बघावे. शक्य असेल तर नरही बघावा, दोघांना काट्यावर ठेवायला सांगावे. आठ किलोच्या कुत्रीचे पिल्लू तीन किलोवर थांबेल, असे कोणी सांगत असेल तर त्याला कोपरापासून नमस्कार करावा. आई दाखवत नाही, "ती गावाला आहे, फार्मवर आहे," असे म्हणतो आणि एस.टी. स्टँडवर पिल्लू आणून देतो म्हणतो, त्याच्याकडून फुकटसुद्धा घेऊ नये.

जातीच्या नावाचाही घोळ आहे. आपण ज्या पांढऱ्या केसाळ कुत्र्याला सर्रास पामेरियन म्हणतो, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असते. खरे पामेरियन साधारण दीड ते सव्वातीन किलोचेच असते. स्पिट्झचा लहान प्रकार पाच ते सात किलोचा आणि मोठा बारा किलोच्या पुढे जातो. स्पिट्झ वाईट नाही, उलट आपल्या हवेत चांगले टिकते. पण स्पिट्झला स्पिट्झ म्हणून आणि स्पिट्झच्या भावाने विका. २००३ सालच्या त्या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीपासून घराघरांत पोचलेला पग सहा ते आठ किलोचा होतो. ‘टीकप’, ‘पॉकेट’, ‘मिनी’ ही जातींची नावेच नव्हेत, ती दुकानदारीची नावे आहेत. काही जण तर पिल्लू बारीक दिसावे म्हणून त्याला अर्धपोटी ठेवतात. उपाशी ठेवून जात बदलत नाही. ते पिल्लू फक्त रोगट होते, आणि फारच लहान असेल तर रक्तातली साखर उतरून थरथर कापत मान टाकते.

मग प्रामाणिक माणूस ओळखायचा कसा? तो तुमच्या प्रश्नांना कंटाळत नाही, उलट तुम्हालाच चार प्रश्न विचारतो. घरात लहान मुले आहेत का, बांधून ठेवणार की मोकळे, दवाखाना किती लांब? तो "एवढंच राहील" अशी हमी देत नाही. "आई इतक्या किलोची, बाप इतक्या किलोचा, मागच्या वेताची पिल्ले एवढी झाली," असे सांगतो आणि वाटल्यास मागच्या गिऱ्हाइकाचे कुत्रे दाखवतो. लसीच्या कार्डावर बाटलीची चिकटपट्टी, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असतो. कार्डावरच्या डॉक्टरांना फोन करून विचारायला लाजू नका. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद असेल, तर त्यावरचा मायक्रोचिपचा नंबर पिल्लाशी जुळवून घ्या. मात्र तो कागद वंशावळ सांगतो, वजनाची हमी देत नाही.

कायदाही गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. श्वान प्रजनन व विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ साली आले. त्यानुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तेव्हा नोंदणीचे प्रमाणपत्र मागा. पावतीवर जात, जन्मतारीख, आई-बापाचे वजन आणि किंमत लिहून घ्या. लिहून द्यायला हात कापत असेल, तर काय ते समजा. पावती हातात असली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. नुसत्या तोंडी व्यवहाराला विचारतो कोण?

आपल्यातलीच काही तरुण मुले आता जोडधंदा म्हणून कुत्र्यांची पैदास करू लागली आहेत. धंदा वाईट नाही. पण दुधात पाणी घातले की डेअरी बंद होते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. दर माजाला कुत्री भरवू नका, तिला वर्षभराची उसंत द्या. पिल्लांची दर आठवड्याला वजने वहीत मांडा. अशी वही ठेवणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नाही.

शेवटी सरपंच, ग्रामसेवक आणि पशुधन अधिकाऱ्यांना दोन शब्द. सोडून दिलेले कुत्रे तुमच्याच हद्दीत हिंडते. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे, आणि रेबीज एकदा जडला की माणूस वाचत नाही. पाळलेले जनावर उपाशी मरेल असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे ग्रामसभेत एकदा वाचून दाखवा. ज्या आठवडी बाजारात खोक्यातून पिल्ले विकली जातात, तिथे नोंदणी विचारा. माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरते. अशा ठिकाणी एक वजनकाटा ठेवा आणि दात बघून वय सांगणारा डॉक्टर बसवा. याला खर्च असा किती येणार?

आणि शेतकरी मंडळी, तुम्ही एवढे कराच. पिल्लू बघायला जाताना घरातला एखादा जुना, बैलाचे दात बघितलेला माणूस बरोबर न्या. त्याला कुत्र्यातले काही कळत नसेल, पण तोंड उघडायला लावायचे असते, हे त्याला पक्के ठाऊक असते. आणि जो विकणारा तोंड उघडू देत नाही, त्याच्या दारातून रिकाम्या हाताने परत यायला तो कचरणार नाही.