रविवार कोणाची कमाई?

रविवारी सकाळी गिरणगावात सहली निघू लागल्या आहेत. लालबाग-परळच्या चाळी, करवती छपरांच्या ओसाड शेड आणि उरलीसुरली धुराडी पाहत सुखवस्तू मंडळी हिंडतात, छायाचित्रे घेतात आणि दुपारी लोअर परळच्या मॉलमध्ये विसावतात. तेथेही फिनिक्स मिलचे धुराडे शोभेपुरते राखलेले आहेच! जुन्या वास्तूंचे कुतूहल हा काही गुन्हा नव्हे. शनिवारवाडा पाहावा, तशी गिरणीही अवश्य पाहावी. प्रश्न आहे तो काय दाखवले जाते आणि काय झाकले जाते, याचा.

विटांचे वय सांगितले जाते, कमानींची शैली समजावली जाते. ज्या सुटीत ही सहल निघते ती सुटी कोणाची कमाई, हे मात्र सांगितले जात नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून साप्ताहिक सुटीची मागणी केली. मालकांनी ती सहा वर्षे कानांआड केली. १८९० च्या एप्रिलात दहा हजार कामगार महालक्ष्मीच्या मैदानावर जमले, दोन कामगार स्त्रियांनी तेथे भाषणे केली, आणि त्यानंतरच रविवार मालकांच्या संघाला मान्य करावा लागला. त्या सभेसाठी सहलीत एखादा थांबा आहे काय?

दुसरे मौन अधिक सोयीचे आहे. गिरण्या 'बंद पडल्या' असे म्हणायचे. जणू भिंत खचावी तशा त्या आपोआप पडल्या! फार तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या अडीच लाख कामगारांच्या संपाकडे बोट दाखवायचे. पण संपाने जमीन विकली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते : मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ साली शासनाने दुरुस्ती केली, की वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचीच व्हावी. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणजे ज्या शेडींना सहलकरी 'वारसा' म्हणतात, त्यांच्याच आडोशाने त्यांच्याखालची जमीन वाटणीतून सुटून मालकांच्या पदरात राहिली. पुढे त्यांतल्या कित्येक शेड जमीनदोस्त करून मनोरे उभे राहिले, ही गोष्ट वेगळीच.

घरांसाठी लाखाहून अधिक कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. २०२४ साली शासनाने त्यांना शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला; २०२५ च्या जुलैत ते आझाद मैदानावर जमले ते मुंबईतच घर मागण्यासाठी. वांगणीहून लालबाग म्हणजे लोकलने तासा-दीड तासाचा प्रवास. तेथे धाडलेला म्हातारा साचेवाला आपली गिरणी पाहायला कधी आलाच, तर तोही रविवारीच येईल, परतीचे तिकीट काढून.