ब्लेड घेण्याआधी ट्रॅक्टर बघा

मिशिगन, मिनेसोटा, ऑन्टारिओ किंवा बफेलोच्या आसपास घर असलेल्या आणि उन्हाळ्यात लॉन ट्रॅक्टरवर बसून गवत कापणाऱ्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती आहे. त्याला बर्फ ढकलायचं ब्लेड लावायचं असेल तर ते ऑक्टोबरातच लावून घ्या. आणि ब्लेडची किंमत विचारण्याआधी ट्रॅक्टरला ते झेपेल का, हे बघा.

बर्फ दिसतो हलका, पण ६ मीटर रुंद नि १५ मीटर लांब ड्राइव्हवेवर २० सेंटिमीटर पडला की १८ घनमीटर होतो. ताजा भुसभुशीत असला तरी त्याचं वजन दीड-दोन टनांच्या घरात जातं, ओला असेल तर पाच टनांपर्यंत. फावड्याने हा उपसताना हृदयविकाराचे झटके येतात, म्हणून पन्नाशी ओलांडलेल्यांनी यंत्राचा विचार करावा हे योग्यच आहे. पण हे वजन ढकलायचं असतं ते ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला. स्वस्त मॉडेलांतला सीलबंद हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स सपाट हिरवळीवर फिरण्यापुरताच बनवलेला असतो. सतत रेटा दिला की तो तापतो आणि कायमचा अधू होतो. तेव्हा मॅन्युअल उघडा. तुमच्या मॉडेलला कंपनीने ब्लेडची परवानगी दिली आहे का, ते त्यात सापडेल. नसेल तर सरळ स्नोब्लोअर घ्या. झीरो-टर्न असेल तर आणखी सावध राहा. तो मागच्या दोन चाकांच्या वेगातल्या फरकाने वळतो. ती चाकं बर्फावर घसरली की वळणंही हातातून गेलं.

परवानगी असेल तर खरा खर्च पकडीचा आहे. गवताचे टायर बर्फावर जागच्या जागी फिरतात. मागच्या चाकांना साखळ्या आणि वजनं हवीतच. त्यांच्यासाठी पैसे नसतील तर नुसतं ब्लेड घेऊ नका.

बहुतेक मॉडेलांत आधी खालचा कापणीचा डेक काढावा लागतो: इंजिन बंद, चावी खिशात, मग पट्टा सोडवायचा, पिना काढायच्या आणि डेक बाजूने ओढून घ्यायचा. ब्लेडची चौकट चासीला घट्ट बसली पाहिजे. पहिल्या वापरानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. ब्लेडमागच्या स्प्रिंगकडेही नीट लक्ष द्या. काँक्रीटची उचललेली कड लागली की ब्लेड पुढे कलतं आणि धक्का सोसून परत जागेवर येतं. ही स्प्रिंग जाम असेल तर तो सगळा धक्का चासी घेते. खडीचा ड्राइव्हवे असेल तर ब्लेडखालचे बूट थोडे खाली सरकवून पातं वर ठेवा, नाहीतर वसंतात खडी हिरवळीतून वेचत बसाल.

वादळ थांबायची वाट बघू नका. १० सेंटिमीटर साचला की एक फेरी मारा. पहिल्या फेरीतच कडा लांब ढकला, कारण फेब्रुवारीपर्यंत हेच ढीग गोठून वाट अरुंद करतात. नगरपालिकेचा नांगर फाटकाशी जो मीठमिश्रित कडक बांध टाकून जातो, त्यावर वेगाने धडकू नका. तो थोडा थोडा कापा. उतारावर जपून चालवा. बंद गॅरेजात इंजिन गरम करत ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि बर्फ रस्त्यावर ढकलू नका. ऑन्टारिओत परवानगीशिवाय तसं करणं कायद्याने मना आहे, इतरही अनेक ठिकाणी दंड होतो. बर्फ आपल्याच अंगणात टाका, आणि समोर फायर हायड्रंट असेल तर त्याच्याभोवतीची जागाही मोकळी करून द्या.