सभामंडप पुन्हा निनादावा
चातुर्मास हा आपल्या लोककलांचा हक्काचा हंगाम. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत देवळाच्या लहानशा सभामंडपात कीर्तन, भारूड रंगे. नवरात्रात संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळ उभा राही. ध्वनिवर्धकाविना शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. शाहीर साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’तून या कला मोठ्या रंगमंचावर नेल्या, हे त्यांचे ऋण थोर, परंतु मुळाला पाणी सभामंडपातच मिळते. उत्सवात डीजेच्या भिंतींवर सढळ हाताने खर्च करणारी मंडळे गोंधळ्याच्या बिदागीत मात्र घासाघीस करतात. त्याचा मुलगा संबळ खाली ठेवतो, तो कलेचा वीट आला म्हणून नव्हे, पोट भरत नाही म्हणून. संस्कृतिरक्षणाच्या घोषणांपेक्षा वस्तीतील मंदिरात चार महिन्यांत चार कार्यक्रम व्हावेत, कलावंताला सन्मानाची बिदागी मिळावी आणि पहिल्या रांगेत आपली मुले बसावीत.