जातिवंत कुत्र्यांचीं प्रदर्शनें व त्यांपासून घ्यावयाचा धडा

शेतकऱ्यांच्या मासिकांत कुत्र्यांच्या प्रदर्शनांची चर्चा कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत प्रथमदर्शनींच येईल. बैल, म्हैस, शेळी यांविषयीं लिहावें तेवढें थोडेंच असतां हें श्वानपुराण कोणी सांगितलें होतें, असेंही कोणी म्हणेल. परंतु जनावरांची जात राखण्यासाठीं मनुष्यानें जे उद्योग केले, त्यांपैकीं कुत्र्यांच्या बाबतींतला उद्योग फार काटेकोरपणें झालेला असून त्याची दीडशें वर्षांची हकीकत लिहिलेली आहे. त्यांत यश जसें नोंदलेलें आहे, तशी चूकही नोंदलेली आहे. आणि दुसऱ्याच्या चुकीवरून फुकट शहाणपण मिळत असेल, तर तें शेतकऱ्यानें कां सोडावें?

या विषयाकडे माझें लक्ष वळण्यास एक लहानसें निमित्त घडलें. माझा पुतण्या शहरांत राहतो व त्यास जातिवंत कुत्रीं पाळण्याचा शोक आहे. गेल्या खेपेस तो घरीं आला असतां एका श्वानपालक मंडळाचा वार्षिक अहवाल येथें विसरून गेला. महसूल खात्यांत कारकुनी करून मी निवृत्त झालों, त्यामुळें समोर कागद पडला कीं तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची खोड अद्याप गेलेली नाहीं. वर्षांत प्रदर्शनें किती झालीं, कोणत्या कुत्र्यास कितवें बक्षीस मिळालें, 'चँपियन' ही पदवी कोणास लाभली, परीक्षक कोठून आले, या सर्वांची त्यांत इत्थंभूत माहिती होती. परंतु वर्षभरांत पिल्लें किती जन्मलीं, त्यांतलीं किती जगलीं, किती आंधळीं अथवा लंगडीं निघालीं, याविषयीं एक अवाक्षरही नव्हतें.

आम्हां कारकुनांच्या हातून जन्मभर सात-बाराचे उतारे गेले. गांवनमुना सात हा हक्काचा व गांवनमुना बारा हा पिकाचा. जमीन कोणाकडून कोणाकडे आली हें सातावर दिसतें. त्या जमिनींत काय पिकलें हें बारावर दिसतें. सात कितीही चोख असला तरी तेवढ्यानें कणगींत दाणे पडत नाहींत. त्या अहवालांत सात भरलेला होता आणि बारा कोरा होता. हा दोष एका मंडळाचा नसून या साऱ्या उद्योगाचा मूळपासूनचा आहे, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

कुत्र्यांचें व्यवस्थित भरविलेलें पहिलें प्रदर्शन इंग्लंडांत न्यूकॅसल येथें १८५९ सालीं झालें. त्यांत पॉइंटर व सेटर या दोन शिकारी जातींचेच कुत्रे होते. बक्षिसादाखल बंदुका ठेवल्या होत्या, यावरून तीं जनावरें कोणत्या कामाचीं हें उघड होतें. तथापि परीक्षा झाली ती उभ्या कुत्र्याच्या रूपाची, रानांतल्या कामाची नव्हे. पुढें १८७३ सालीं लंडन येथें केनेल क्लब ही संस्था निघाली व वंशावळींचें दप्तर सुरू झालें. १८९१ सालीं चार्ल्स क्रफ्ट यानें लंडनांतील इस्लिंग्टनच्या रॉयल ॲग्रिकल्चरल हॉलमध्यें, म्हणजे शेतीच्याच मांडवांत, आपल्या नांवाचें प्रदर्शन भरविलें. तेंच क्रफ्ट्स प्रदर्शन १९४८ पासून केनेल क्लबकडून भरविलें जात असून १९९१ पासून तें बर्मिंगहॅम येथें भरतें. प्रथम प्रत्येक जातींतला उत्तम कुत्रा निवडावयाचा, मग सात गटांतले सात, आणि अखेरीस त्या सातांतला एक, असा तेथील क्रम आहे.

आतां त्याच १८७३ सालची दुसरी गोष्ट पहा. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत वेल्समधील बाला या गांवीं मेंढपाळी कुत्र्यांची कामाची परीक्षा झाली. वेल्सच्या भूमींत वेल्सच्या मेंढपाळांदेखत ती जिंकली जेम्स थॉमसन नांवाच्या एका स्कॉट मनुष्याच्या ट्वीड या कुत्र्यानें. या परीक्षांतून १९०६ सालीं इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी ही संस्था उभी राहिली. तिच्या परीक्षेंत गुणांची वाटणी सर्वसाधारणपणें अशी असते : मेंढरांना भडकूं न देतां लांबून वळसा घालण्यास २०, त्यांस हळूच हलविण्यास १०, मालकाकडे सरळ आणण्यास २०, मालकापासून दूर हांकीत नेण्यास ३०, कळपांतून सांगितलेलीं मेंढरें वेगळीं काढण्यास १० व कोंडवाड्यांत घालण्यास १०. एकूण शंभर. या शंभरांत कुत्र्याच्या रंगास, कानास वा शेपटीस एकही गुण नाहीं.

एकाच वर्षीं, एकाच राज्यांत दोन वाटा फुटल्या. एकीनें सात लिहिला. दुसरीनें सात व बारा दोन्ही लिहिले. दीडशें वर्षांनीं त्या वाटा कोठें पोहोंचल्या हें पाहणें आपणांस उद्बोधक आहे.

बुलडॉगचें डोकें मोठें व कंबर बारीक असावी, अशी प्रदर्शनांची आवड पडली. परिणाम असा झाला कीं, २०१० सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत या जातीच्या शंभर बाळंतपणांपैकीं ऐंशींहून अधिक पोट फाडून करावीं लागल्याचें आढळलें. जी गाय आपली आपण वीत नाहीं, ती बाजारांत फुकट दिली तरी शेतकरी दावणीस बांधील काय ? बॉक्सर जातीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील शास्त्रज्ञांनीं केनेल क्लबच्याच दप्तरावरून हिशेब मांडून २००८ सालीं असें दाखविलें कीं, वीस हजारांच्या आसपास बॉक्सर कुत्र्यांत मिळून आनुवंशिक विविधता अवघ्या सत्तर कुत्र्यांएवढी उरली आहे. बक्षीस मिळविणाऱ्या एकाच नराकडे सर्वांनीं माद्या न्याव्या, त्याच्या मुलांच्या व नातवांच्या माद्या पुन्हां त्याच घरांत द्याव्या, याचें हें फळ होय. ज्या बियाण्याच्या कोठारांत वीस हजार पोतीं दिसतात पण वाण एकच असतो, तेथें एका रोगानें सारें कोठार बसतें.

डाल्मेशियन या ठिपक्यांच्या कुत्र्याची हकीकत तर दप्तरी मनुष्यानें मुद्दाम वाचावी अशी आहे. ठिपके सुबक यावेत म्हणून निवड करतां करतां या साऱ्या जातींत एक दोष मुरला व त्यापायीं मूतखड्याचा विकार होऊं लागला. दोष नसलेला कुत्रा जातींत उरलाच नाहीं, तेव्हां तो बाहेरूनच आणणें भाग होतें. अमेरिकेंतील एका शास्त्रज्ञानें १९७३ सालीं पॉइंटर जातीशीं एकदांच संकर केला व पुढें पिढ्यानपिढ्या डाल्मेशियनशींच जोड लावली. पांचव्या पिढींत परकें रक्त राहिलें जुन्या हिशेबानें रुपयांत अर्धा आणा, आणि दोष मात्र गेला. परंतु १९८१ सालीं या वंशांतलीं दोन जनावरें तिकडील संस्थेच्या दप्तरीं दाखल होतांच जातीच्या अभिमान्यांनीं हरकत घेतली व पुढील नोंदी थांबल्या. त्या पुन्हां सुरू होण्यास २०११ साल उजाडलें. अर्ध्या आण्याच्या कलमासाठीं निरोगी जनावर तीस वर्षें दाराबाहेर उभें राहिलें ! फेरफाराचे तंटे मीं पुष्कळ पाहिले, परंतु इतका महाग पडलेला दुसरा आठवत नाहीं.

येथें केनेल क्लबच्या बाजूनेंही बोललें पाहिजे, नाहीं तर अन्याय होईल. वंशावळींचें दप्तर त्या संस्थेनें राखलें म्हणूनच वरील हिशेब करतां आला. २००८ सालीं बी.बी.सी.नें या दोषांवर चित्रपट दाखविल्यावर मोठा गहजब झाला; परंतु नंतर संस्थेनें जातींचीं वर्णनें सुधारलीं, आणि सख्खीं भावंडें किंवा आईबाप व अपत्य यांच्या संबंधांतून झालेलीं पिल्लें नोंदविणें २००९ पासून बंद केलें. २०१२ च्या क्रफ्ट्समध्यें तर पंधरा जोखमीच्या जातींतील विजेत्यांस पशुवैद्याच्या तपासणीची अट घातली, आणि त्यांपैकीं सहा जातींचे विजेते नापास होऊन पुढील फेरीस मुकले. परीक्षकानें ज्यास सर्वोत्तम म्हटलें त्यास तासाभरांत वैद्यानें अपात्र म्हणावें, यांत खरी चूक कोणाची हें सांगणें नलगे. तरीही आपल्याच मांडवांत आपल्याच विजेत्यास थांबविण्याचें धैर्य त्या संस्थेनें दाखविलें, हें मान्य केलें पाहिजे.

मेंढपाळी कुत्र्यांच्या संस्थेचें दप्तर मात्र आजतागायत एका बाजूनें उघडें आहे. ज्या कुत्र्याच्या आईबापांचा कागद नाहीं, त्यानें परीक्षकांसमोर काम करून दाखविलें व तपासणींत तो निर्दोष ठरला, तर गुणांच्या जोरावर त्याची नोंद होऊं शकते. म्हणूनच १९९५ सालीं अमेरिकेंत प्रदर्शनवाल्या संस्थेनें बॉर्डर कॉली या जातीस आपल्या यादींत घेतलें, तेव्हां कामाचे कुत्रे पाळणाऱ्यांनींच त्यास कडाडून विरोध केला. आमच्या कुत्र्यास रूपाची पदवी नको, ती मिळाली कीं काम जाईल, हें त्यांचें म्हणणें होतें.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडचें असलें, तरी त्याची सावली आपल्या उंबऱ्यावर येऊन पडली आहे. सोलापूर, लातूरपासून विजापूर, बागलकोटपर्यंतच्या माळांवर जो सडपातळ, लांब तोंडाचा, वाऱ्यासारखा धांवणारा कुत्रा आढळतो, त्यास आपण कारवानी म्हणतों. अंगावर मऊ लांब केंस असले तर पश्मी म्हणतों. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं या जातीस आश्रय दिला. श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनीं बादशहा पंचम जॉर्ज यांस या कुत्र्याचीं पिल्लें नजर केलीं, व तेव्हांपासून मुधोळ हाउंड हें नांव रूढ झालें, असें सांगतात. २००५ सालीं या कुत्र्याचें चित्र टपालाच्या तिकिटावर आलें. पुढें लष्करानेंही त्यास शिकवून पाहिलें. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या दप्तरीं राजपालयम व चिप्पीपराई यांजबरोबर तो मुधोळ म्हणून दाखल आहे; केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरीं कारवान हाउंड म्हणून. एकाच जमिनीस दोन गट क्रमांक पडावे, तसा हा प्रकार आहे.

नोकरींत असतां दुष्काळाच्या पंचनाम्यासाठीं एकदां सांगोल्याकडील माळावर गेलों होतों. एका शेतांत मेंढरें बसविलेलीं होतीं. धनगराच्या पायाशीं असा एक कुत्रा पडलेला होता. बरगड्या मोजून घ्याव्या इतका सडसडीत. मीं सहज विचारलें, "याला पोटभर घालीत नाहींस कां रे ?" तो हंसून म्हणाला, "भाऊसाहेब, ह्याच्या अंगावर मांस चढलं की ह्याची धाव गेली. धाव गेली मग ठेवायचा कशाला ?" त्याच्याजवळ कागदाचा कपटाही नव्हता, परंतु त्या कुत्र्याची आई कोणत्या वाड्यावरची, आजी कोणाची, कोणत्या वेताचीं पिल्लें भित्रीं निघालीं म्हणून तो नाद सोडला, हें सारें त्यास मुखोद्गत होतें. सात व बारा दोन्ही त्याच्या डोक्यांत होते.

आज त्याच जातीच्या पिल्लास शहरांत चांगली किंमत येऊं लागली आहे. यांत वाईट कांहींच नाहीं. गरिबाच्या घरीं चार पैसे येत असतील तर आनंदच आहे. परंतु गिऱ्हाईक जर तिकिटावरचें चित्र पाहून पिल्लूं घेईल, तर पाळणारा चित्रासारखेंच पिल्लूं पैदा करील. अधिक लांब तोंड, अधिक बारीक कंबर, यांची चढाओढ लागेल. आणि पंचवीस वर्षांनीं आपल्या माळावरचा बुलडॉग तयार होईल. सशांच्या शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे, व ती योग्यच आहे. परंतु जुनी कसोटी गेली म्हणून कसोटीच नको, असें होत नाहीं. धांव, दम, कळपाची राखण व मालकाची आज्ञा, यांची परीक्षा मोकळ्या माळावर खुशाल घेतां येईल.

याकरितां श्वानपालक मंडळांस व त्यांच्या उत्साही सभासदांस माझ्या चार सूचना आहेत. वार्षिक अहवालांत बक्षिसांच्या यादीशेजारीं जन्म, मृत्यू, बाळंतपणें व विकार यांचे रकाने असावे. कामाची परीक्षा व वैद्याची तपासणी यांवांचून कोणासही पदवी देऊं नये. एका नरापासून वर्षांत किती वेत घ्यावे यास मर्यादा असावी. आणि कागद नसलेल्या परंतु गुणी कुत्र्यास दप्तराचें दार उघडें असावें. नाहीं तर खरी जात धनगराच्या वाड्यावर राहील व दप्तरांत नुसती वंशावळ.

शेवटीं एक शब्द आपल्या स्वतःविषयीं. परक्याच्या कुत्र्यास नांवें ठेवून आपल्या बैलाकडे डोळेझांक करणें बरें नव्हे. आपल्या प्रदर्शनांतही खिल्लार खोंड धुऊन, शिंगें रंगवून, झूल घालून उभा राहतो. टाळ्या पडतात, बक्षीस मिळतें, आणि दुसरे दिवशींपासून त्याच्याकडे गाई येऊं लागतात. त्याचे गोऱ्हे तीन वर्षांनीं नांगरास कसे चालले, त्याच्या कालवडींनीं दूध किती दिलें, हें कोणी लिहून ठेविलें आहे काय ? संस्थेच्या चालकांस माझी विनंती आहे कीं, पुढील प्रदर्शनापासून बक्षीस मिळालेल्या प्रत्येक वळूच्या नांवें एक पान राखावें व दरसाल त्यावर त्याच्या संततीची पाहणी नोंदवावी. बसून लिहिण्याचें काम असल्यास हा निवृत्त कारकून तें विनावेतन करण्यास तयार आहे.