पाव मैलाचं लायसन्स

परवा रात्री पुतण्याचा पुण्याहून फोन आला. "काका, एका फॉर्मवर तुमचं नाव देऊ का?" मला वाटलं, झालं, आता कुठल्या तरी बँकेच्या कर्जाला जामीनदार राहायचं. म्हटलं, कसला फॉर्म? तर म्हणतो, "लायसन्सचा." अरे, लायसन्स तर तुला अठराव्या वर्षीच मिळालंय की! "ते नाही हो काका. रेसिंगचं."

आमचा जिल्हा शेळीसाठी प्रसिद्ध आहे. उस्मानाबादी शेळी. (२०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं अजून झालेलं नाही.) रेसिंगचा आणि आमचा संबंध आला तर शंकरपटाच्या वेळी, तोही बैलांचा. त्यामुळे घरातला एक मुलगा मोटारींच्या शर्यतीचं लायसन्स काढतोय हे ऐकून मी आधी हसलो, मग गप्प झालो. गप्प का झालो ते पुढे येईलच.

आधी भानगड काय आहे ते सांगतो, कारण मलाही ती गेल्या आठवड्यातच समजली. ड्रॅग रेस म्हणजे वळणं नसलेली शर्यत. सरळ रस्ता, शेजारीशेजारी दोन गाड्या, उभ्या जागेवरून सुटायचं आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, आधी कोण जातं ते बघायचं. संपलं. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाने अशा शर्यती भरत आल्या आहेत. भाग घ्यायचा तर एफएमएससीआयचं स्पर्धा-लायसन्स लागतं. ही मोटारस्पोर्टची देशातली मुख्य संस्था, १९७१ पासूनची, ऑफिस चेन्नईला. चिरंजीवांकडे एक सेकंडहँड पोलो आहे आणि तिच्या इंजिनाचा मेंदू त्याने कुठूनसा बदलून घेतलाय. ती आता "उडते" म्हणे. तिचा हप्ता अजून चालू आहे, हा भाग त्याने फोनवर गाळला.

दादाला कळलं तर तो काय म्हणेल ते मला पाठ आहे. वेडेपणाला कशाला लायसन्स? आमच्या सौ.चंही तेच मत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचंही असेल. माझंही मागच्या महिन्यापर्यंत होतं.

पण दिवाळीत हा इकडे आला होता तेव्हाची गोष्ट. रात्री दीडला गाडीचा आवाज आला म्हणून मी खाली उतरलो. तीन मित्र, दोन गाड्या. हायवेवर जाऊन आले होते. आमच्याकडचा सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-बीड रस्ता, जुना २११ आणि आताचा ५२ नंबर, चौपदरी झाल्यापासून पोरांना मोकळं रानच मिळालंय. मधे दुभाजक, डांबर गुळगुळीत, रात्री एक पोलीस दिसायचा नाही. हाच तो रस्ता, ज्यावरून कोजागिरीला माणसं सोलापूरहून अनवाणी तुळजापूरला चालत जातात. बायाबापड्या, कडेवर पोरं, रात्रभर. पोरगा म्हणाला, "काका, पौर्णिमेला नाही करत आम्ही." म्हणजे बाकीच्या रात्री करतात.

मी त्याला रागावलो नाही. रागावायचा अधिकार माझ्याकडे नाही. त्याचं कारण आजवर या ब्लॉगवर लिहिलेलं नाही आणि घरातही अर्ध्या लोकांना माहीत नाही.

१९९४ ची गोष्ट. कॉलेजचं शेवटचं वर्ष. आमच्या बॅचमधे दोन यामाहा होत्या, आरएक्स १००. ती गाडी ज्यांनी चालवली आहे त्यांना सांगायला नको. येडशीच्या अलीकडे एक सरळ पट्टा होता. जानेवारीची रात्र, दोघांची पैज लागली आणि मला मधे उभं केलं, रुमाल टाकायला. रुमाल खाली पडला की सुटायचं. मी टाकला. मला अजून आठवतं, तो सरळ पडला नाही, वाऱ्याने थोडा उडाला, आणि एक जण आधी सुटला म्हणून दुसरा ओरडला.

पुढे उसाची बैलगाडी होती. मागे कंदील नाही, रिफ्लेक्टर नाही, काही नाही. आधी सुटलेला तिच्यात गेला.

तो वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. आज त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे, दोन मुली आहेत, बरं चाललंय. एक बैल मात्र जागेवर गेला. गाडीवान बीडकडचा, टोळीबरोबर आलेला. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात, मुकादमाची उचल डोक्यावर आणि एका बैलावर गाडी चालत नाही. आमच्या वडिलांनी आणि आणखी दोघांनी वर्गणी काढून त्याला काहीतरी दिलं. काहीतरीच. तो किती घासाघीस न करता घेऊन गेला हे बाबांनी घरी सांगितलं होतं, आणि मग जेवले नव्हते.

मित्राने मला कधी दोष दिला नाही. भेटला की तो एकच प्रश्न विचारतो, तोही हसत. "लेका, किती सेकंद झाले असतील रे?" कोणाकडे घड्याळ नव्हतं. शर्यत म्हणवत होतो, पण वेळ मोजायला कोणी नाही, अंतर मोजलेलं नाही, पुढे रस्त्यात काय आहे ते बघून यायला कोणी गेलं नाही. रुमाल तेवढा होता.

म्हणून पुतण्याचा फोन आल्यावर मी हे लायसन्स प्रकरण जरा खोलात जाऊन वाचलं. वाचताना मला राहून राहून एकच वाटत होतं, की हे लोक वेगाबद्दल कमी आणि थांबण्याबद्दल जास्त बोलतात.

अमेरिकेत हा खेळ मोठा. तिथली एनएचआरए ही संस्था १९५१ ची. पाव मैल साधारण दहा सेकंदांच्या आत जाणारी गाडी असेल तर तिथे वेगळं लायसन्स लागतं. ते कसं मिळतं ऐका. आधी डॉक्टर. मग गाडीत पट्टे बांधून बसायचं आणि डोळे बांधायचे. बाहेरचा माणूस एकेक नाव घेणार: ब्रेक, इंधन बंद करायचा खटका, आग विझवायचा दांडा, पॅराशूट. (हो, पॅराशूट. मागच्या बाजूला असतं, गाडी थांबवायला.) प्रत्येकावर न बघता हात गेला पाहिजे, कारण धुरात काही दिसत नाही. मग गाडी पळवायची, पण पहिल्यांदा पूर्ण अंतर नाहीच. थोडं पळायचं आणि सोडून द्यायचं. पुन्हा थोडं जास्त. अशा टप्प्याटप्प्याने सगळ्या धावा झाल्या की, त्या प्रकारचं लायसन्स असलेले दोन जुने ड्रायव्हर सही करतात की आम्ही पाहिलं, याला येतं. म्हणजे जो आधी त्यातून गेलाय तोच सांगणार.

आता माझं साधं लायसन्स मी कसं काढलं ते आठवून बघतो. मैदानात आठ काढायचा होता. माझ्या पुढचा माणूस पडला, त्यालाही मिळालं. कुठे ते विचारू नका. :)

आणखी एक गंमत. तिथे साध्या गाड्यांसाठी एक प्रकार आहे, ज्यात तुम्ही आधीच लिहून द्यायचं की माझी गाडी इतक्या सेकंदात जाईल. त्या हिशोबाने हळू गाडीला आधी सोडतात. आणि लिहून दिलं त्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर सहसा तुम्ही हरता! स्वतःची गाडी तुम्हाला नीट माहीत नव्हती असा त्याचा अर्थ. हे वाचून मी दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसलो.

नियम केले म्हणून माणसं मरत नाहीत असं मात्र नाही. जून २००८ मध्ये न्यू जर्सीत स्कॉट कॅलिटा नावाचा मुरलेला ड्रायव्हर गेला. इंजिन फुटलं, गाडी थांबली नाही, पट्टी संपली. त्यानंतर सगळ्यात वेगवान गाड्यांचं अंतर पाव मैलावरून हजार फुटांवर आणलं. शंभरेक मीटर थांबण्यासाठी वाढवले. एक माणूस गेला आणि नियम बदलला. आमच्या येडशीच्या रस्त्यावर किती गेले, कोणाच्या लक्षात आहे?

आता आपल्याकडचा कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९. सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावली किंवा तिच्यात भाग घेतला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वी पाचशे होता. यातले "लेखी संमतीशिवाय" हे शब्द महत्त्वाचे. म्हणजे कायद्यानेच एक दार ठेवलंय. ते कोणी वाजवत नाही एवढंच.

आणि हे दार वाजवून उघडलेलं आपण बघितलंय! बैलगाडा शर्यती. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, तो अडकला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा कायम केला. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, अनामत रक्कम, पशुवैद्यकाचा दाखला, धाव एक हजार मीटरच्या आत, चाबूक नाही, काठी नाही, सगळ्याचं चित्रीकरण. बैलाला इजा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. पुन्हा वाचा, बैलासाठी पाच लाख आणि माणसांच्या रस्त्यावर शर्यत लावली तर पाच हजार. बैलाचे कमी करा असं मी म्हणत नाही. मी एक बैल मरताना पाहिलाय.

बैलगाड्यामागे सगळे पक्ष उभे राहिले, कारण त्यात गाव आहे, जत्रा आहे, मतं आहेत. रात्री दीडला हायवेवर जाणाऱ्या पोरांमागे कोण उभं राहणार?

तर माझं म्हणणं इतकंच आहे की अशा पोरांना एक पट्टी द्या. आमच्या गावाबाहेर विमानाची धावपट्टी आहे. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ यांच्याबरोबर आमचीही एका खाजगी कंपनीला दीर्घ मुदतीने दिली होती. तेव्हा आम्हाला वाटलं, आता मुंबईला तासाभरात. आम्ही अजून मुंबईला रात्रभर प्रवास करूनच जातो. विमानाची धावपट्टी म्हणजे किलोमीटरभर तरी सरळ, बंदिस्त रस्ता. चारशे मीटर पळायला, उरलेलं थांबायला. हा खेळ वाढलाच मुळी धावपट्ट्यांवर. १९५० मध्ये कॅलिफोर्नियात सांता आना विमानतळाच्या पट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. आपल्याकडे चेन्नईजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर कितीतरी वर्षं गाड्या पळाल्या. महिन्यातून एक रविवार, एक अँब्युलन्स, एक अग्निशमनची गाडी, वेळ मोजायचं यंत्र आणि डोळे बांधून ब्रेक शोधायला लावणारा एखादा खडूस माणूस. खर्च आहे, मान्य. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर लागतात तिथे हे बोलायची लाज वाटते, तेही मान्य. पण चौपदरी रस्ता केला तेव्हा त्यावर पोरं काय करतील हा विचार कोणीतरी करायलाच हवा होता.

माझा एक जुना ब्लॉगर मित्र म्हणतो, पट्टी झाली तरी रस्त्यावरचं बंद होणार नाही. बरोबर आहे. काहींना रस्त्याचीच चटक असते. शिवाय अॅम्बी व्हॅली काय आणि लायसन्स काय, हे पोलोवाल्यांसाठी. जुन्या पल्सरवर तिघे बसून जाणाऱ्या पोरांना तिथे कोण घेणार? याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. म्हणूनच पट्टी लोणावळ्याला असून भागत नाही, इथे पाहिजे, आणि प्रवेश शंभर रुपयांत पाहिजे. उरलेलं अर्धं उत्तर नाही.

असो. फॉर्मकडे येतो. अपघात झाल्यास कोणाला कळवायचं, त्या जागी त्याला माझं नाव हवं होतं. "बाबांचं टाकलं तर फॉर्मच फाडतील." मी म्हटलं, टाक. मग त्याला येडशीची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "काका, पट्टीवर रुमाल नसतो माहितेय ना? दिवे असतात. आधी सुटलं की लाल लागतो आणि तुम्ही बाद."

फॉर्मवर रक्तगट लिहायचा होता. तो त्याला माहीत नव्हता. मलाही माझा नाही. सोमवारी तो लॅबमधे जाणार आहे, मीही इथे जाईन म्हणतो. घरी अजून कोणालाच सांगितलेलं नाही, आणि दादा ब्लॉग वाचत नसला तरी वहिनी वाचते.

वहिनी, रात्री जेवणानंतर फोन करतो.