देवनागरी म्हणे बसत नाही!

जत्रेच्या दिवसांत देवळाच्या कमानीवर धावणाऱ्या लाल अक्षरांच्या पाट्या तुम्ही कधी नीट वाचल्यात? 'शिरगाव'चं 'शरिगाव' होतं, 'पर्वरी'तला रफार डोक्यावर न चढता पाय मोडून मध्येच उभा राहतो. पाटीवाल्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "साहेब, देवनागरी बसत नाही. इंग्रजीत टाकूया?"

बसत नाही? मांडूया हिशेब.

इंग्रजी अक्षर पाच बाय सात ठिपक्यांत आरामात उभं राहतं. आपल्याला शिरोरेषा हवी, वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. सात ओळींत हे कोंबलं तर अक्षराच्या अंगाला काय उरणार? मान्य. पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या पी-१० पॅनेलवर १६ आडव्या ओळी असतात. वर चार, शिरोरेषेला एक, अक्षराला आठ, खाली तीन. झाल्या की सोळा!

मग म्हणतात, मेमरी पुरत नाही. १६ बाय १६ची चौकट म्हणजे २५६ ठिपके. पेटलेला एक, विझलेला शून्य, म्हणजे एका आकृतीला ३२ बाइट. जोडाक्षरांसकट ३०० आकृत्या धरल्या तरी ९,६०० बाइट. आर्डुइनो उनोवरच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा असते.

राहिली ऱ्हस्व वेलांटी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात, दिसते मात्र आधी. ही अदलाबदल करणं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काम. तेही जमत नसेल तर संगणकावर मजकूर नीट जुळवून त्याचं ठिपक्यांचं चित्रच पाटीला पाठवावं.

म्हणजे लिपी कुठेच अडत नाही. अडतो तो आळस, आणि त्याला आपलं 'चालतंय'. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं, मराठीला सरकारी वापराची मुभा दिली. त्यावरून आपण अजून भांडतो. पाटीवर मात्र दोघींच्या अक्षरांची सारखीच मोडतोड होते, तेव्हा दोन्हीकडचे वीर गप्प!

मी कारकून माणूस, उपायही कारकुनीच सांगतो. पाटीच्या ऑर्डरमध्ये एक अट घाला: शिरगाव, पर्वरी, म्हार्दोळ आणि कुंकळ्ळी ही चार नावं पाटीवर अचूक उमटल्याशिवाय बिल पास होणार नाही. मग बघा, देवनागरी कशी झटकन बसते ती!