एकेक बांधी

माझा मुलगा चौथीत होता तेव्हाची त्याची वही अजून माझ्याकडे आहे. पानावर तारीख, विषय, दीड ओळ अक्षर आणि खाली सगळं कोरं. मी स्वतः जिल्हा परिषदेची शिक्षिका. त्याआधी वीस वर्षं अशा मुलांना मी 'वांड' म्हणत आले होते. घरातल्या वांडाला तर मी मारलंही. ते आठवलं की आजही हात कापतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला एडीएचडी असल्याचं सांगितलं. लक्ष टिकत नाही, मन आवरत नाही, पाय थांबत नाहीत. हा आळस नाही, संस्कारांची उणीवही नाही, मेंदूची घडणच तशी आहे. जगभरातल्या अभ्यासांनुसार शंभरांतली पाचेक मुलं अशी असतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वर्गात एक-दोन. अनेकांची ही अडचण मोठेपणीही सरत नाही.

औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, आम्ही तो पाळला. पण रोजचं काम घरातच होतं. मोठं काम तोडून द्या, एका वेळी एकच सूचना द्या, जमलं की लगेच शाबासकी द्या, असं त्यांनी शिकवलं. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, ''म्हणजे रोवणीसारखंच. अख्खं शेत पाहिलं की जीव दडपते. एक बांधी पाहायची, ते झाली की दुसरी.'' बांधी म्हणजे बांध घालून वेगळा केलेला शेताचा तुकडा. त्या दिवसापासून दहा गणितांच्या आम्ही पाच बांध्या केल्या. दोन गणितं झाली की अंगणात एक चक्कर. दप्तराची यादी दाराला चिकटवली. दुसऱ्या महिन्यात वहीचं पान भरलं.

कोचिंग म्हटलं की आपल्याला शिकवणीचे वर्ग आठवतात. या मुलांना लागणारं कोचिंग वेगळं आहे: शेजारी बसून काम सुरू करून देणारं आणि ते संपेपर्यंत धीर न सोडणारं माणूस. असं माणूस आमच्या गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसित गावठाणातही तयार होऊ शकतं. पण तपासणीसाठी नागपूरला जायचं तर मजुरी बुडते, दिवस मोडतो. वर्गातल्या एका मुलाची आई मला म्हणाली, ''पोरगा बदमाश नाही जी मॅडम, पण कोणाले दाखवू?''

दाखवायची सोय कागदावर आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडीचं नाव आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. दात, डोळे, वजन तपासताना शिक्षकाला एवढंच विचारावं: वर्गात कोणतं मूल काम सुरूच करू शकत नाही? आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास या मुलांसाठी ठेवावा आणि प्रत्येक केंद्रात निदान एका शिक्षकाला हे शेजारी बसणं शिकवावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. तीही त्यात यावी. आईबापांसाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे. तो शाळेच्या फळ्यावर लिहिण्यासाठी तर कुठल्याही आदेशाची गरज नाही.

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झालं. तीस वर्षं उलटली तरी कालव्यांची कामं उरलेलीच होती. वाट पाहणं आम्हाला नवं नाही. पण मुलाचं चौथीचं वर्ष एकदाच येतं. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असं मूल असेल तर हात उगारण्याआधी त्याच्या शेजारी बसा. आज एकच बांधी.